वापरलेला इन्सर्ट: स्वस्तात मस्त की विकतचं दुखणं?

शेकोटीप्रेमी (धागाकर्ता)
घरात विटांची जुनी उघडी फायरप्लेस आहे. शोभा भरपूर, ऊब नावाला. समोर बसलं की गुडघे भाजतात, पाठ गारठते, आणि खोलीतली गरम हवा चिमणीच ओढून नेते. म्हणून त्या कोनाड्यात बसणारा इन्सर्ट, म्हणजे काचेच्या दाराची लाकडाची बंद शेगडी, घ्यायचा विचार आहे. एक वापरलेला मिळतोय, नव्याच्या चौथाईत. दार बिडाचं, पेटी पोलादी, ब्लोअर (गरम हवा खोलीत फेकणारा पंखा) चालू. विकणाऱ्याची अट एकच: जागेवरून स्वतः काढून न्या.
माझं मत: लोखंडाला काय होतंय? घेऊन टाकावा. पटत नसेल तर भांडा.

धुरकट
लोखंडाला काय होतंय? बरंच होतं. वर्षानुवर्षं दार उघडं ठेवून धडधडून पेटवली असेल तर आतली वरची आडवी पाटी, बॅफल, पापडासारखी वाकते. पेटीच्या सांध्याला केसाएवढी चीर जाते. बिडाला गेलेली चीर साध्या वेल्डिंगने टिकत नाही.
पण माझा खरा आक्षेप शेगडीवर नाही, तिच्या डोक्यावरच्या नळीवर आहे. उघड्या फायरप्लेसची चिमणी रुंद असते. इन्सर्टचा धूर कमी आणि थंड. तो त्या रुंद पोकळीत रेंगाळतो आणि क्रिओसोट होऊन भिंतींना डांबरासारखा चिकटतो. एक दिवस तेच पेटतं, आणि चिमणीतली आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते. म्हणून शेगडीच्या तोंडापासून छपरापर्यंत स्टेनलेसचा लाइनर, म्हणजे चिमणीच्या आत बसणारी अरुंद नळी, घालायला हवा. तो चौथाईत मिळत नाही, नवाच घ्यावा लागतो. त्याचा खर्च धरलाय का?

पै_न_पै
धुरकट, लाइनर तर नव्या इन्सर्टलाही लागतोच की! दोन्ही पारड्यांत सारखंच वजन, मग तक्रार कसली?
बाकी झिजणारे भाग बदलता येतात. दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी, आतल्या भट्टीच्या विटा, काच. (काच उष्णता सोसणारी सिरॅमिकचीच घ्यायची. खिडकीची बसवाल तर पहिल्याच आगीत तडकेल.) तपासणी फुकटात होते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. अलगद सुटली तर तिथली दोरी मेली. मग आत पेटता टॉर्च ठेवा, दार बंद करा, खोलीत अंधार करा. दाराच्या कडेने उजेड दिसला तर दोरीचं काम. पेटीच्या अंगातून दिसला तर नमस्कार करून परत या.

धुरकट
दोरी बदला म्हणणं सोपं आहे. फार जुन्या शेगड्यांच्या दोरीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडी खरवडलीत तर ती धूळ थेट छातीत. शंका असेल तर हात लावू नका, जाणकाराकडून काढून घ्या.
आणि मागची पाटी पाहिलीत का? चाचणीचा दाखला आणि भिंतीपासूनची अंतरं तिच्यावर असतात. अमेरिकेत ईपीएचे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे, लाकडाच्या शेगड्यांसाठीचे पहिले नियम १९८८ चे. ओरेगन राज्यात तर दाखला नसलेली जुनी शेगडी घर विकताना काढून मोडीत घालावी लागते. पाटी नसलेला इन्सर्ट म्हणजे भंगारच, फक्त काच लावलेलं. शिवाय विमावाला आधी तीच मागतो.

पै_न_पै
पाटीबद्दल सहमत. दुर्मीळ क्षण, तारीख लिहून ठेवा.

ओझेवाला
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, मी वाहतुकीचं सांगतो. आम्ही आणला तो दोनशे किलोच्या आसपास होता. आधी दार बिजागरीतून उचलून काढलं, मग ब्लोअर, घेरापट्टी (कोनाड्याची फट झाकणारी चौकट), बॅफल, शेवटी विटा. प्रत्येक विटेवर खडूने आकडा घातला, नाहीतर बसवताना कोडं होतं. एवढ्याने ओझं चाळीसेक किलोंनी उतरलं. राख आदल्या दिवशीच काढलेली. तिच्यात निखारा दिवसभरही धुगधुगतो.
कोनाड्यातून पुढे ओढायला पहार आणि जमिनीवर जाड फळी. मग तीन लोखंडी पाईप आडवे टाकून त्यांवरून ढकलायचं, मागून सुटलेला पाईप उचलून पुढे ठेवायचा. घरात हे मस्त चाललं. घोळ झाला टेंपोच्या उतरत्या फळीवर. आमच्यातला एक जण खालच्या बाजूला उभा राहून हाताने "थोपवत" होता. शेगडीला बांधलेला पट्टा इंचभर सरकला आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो. बाजूला उडी मारली म्हणून वाचला. खालच्या बाजूला कुणी म्हणजे कुणीही उभं राहायचं नाही.
टेंपोत उभाच ठेवा, पुढच्या भिंतीला टेकवून, रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने आवळायच्या, दोन पट्ट्यांनी बांधून. पट्टा धुराच्या तोंडावरून घेऊ नका. आम्ही घेतला, ते तोंड लंबगोल झालं, आणि लाइनरचा गोल काही केल्या बसेना.

धुरकट
चार माणसं, टेंपो, पाईप, वाकडं तोंड आणि एक जण थोडक्यात वाचलेला. हे सगळं चौथाईत धरलं का?

पै_न_पै
मग नवा काय उडत येतो?

धुरकट
नाही, दुकानदाराच्या माणसांच्या खांद्यावर येतो. पाठ त्यांची, जबाबदारीही त्यांची.

शेकोटीप्रेमी
काल जाऊन आलो. पाटीवर कुणीतरी काळा रंग फासला होता, नाण्याने खरवडल्यावर अक्षरं दिसली, दाखला आहे. कागद डाव्या खालच्या कोपऱ्यात अलगद सुटला. टॉर्चचा उजेड तिथेच, पेटी शाबूत. बॅफल किंचित वाकलंय, पण ते सुटं मिळतं.
घरी येऊन कोनाडा मोजला आणि बसलोच. पुढून इन्सर्ट आरामात जातो, पण भिंती आत तिरप्या आहेत. मागची रुंदी पुढच्यापेक्षा वीस सेंटीमीटर कमी, आणि इन्सर्टची पेटी मागेही सरळच आहे. त्यामुळे तो चार बोटं बाहेर राहील.

ओझेवाला
चार बोटं बाहेर चालतं का ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. बाहेर आला म्हणजे समोरची न जळणारी फरशीही तितकीच पुढे वाढवावी लागेल.

धुरकट
आणि त्या तिरप्या भिंती छिन्नीने फोडायला जाऊ नका. आधी चिमणीवाल्याला दाखवा.

शेकोटीप्रेमी
गुरुवारी येतोय तो. विकणाऱ्याला तोवर थांबायला सांगितलंय, तो "बघू" म्हणाला.