मदत हवी आहे: ‘मॅनिक मायनर’ची दुसरी आवृत्ती नेमकी केव्हा आली?

लिव्हरपूलच्या ‘बग-बाइट’ या संगणक-खेळ प्रकाशित करणाऱ्या कंपनीच्या इतिहासावर टिपण लिहिताना मी मॅथ्यू स्मिथ या प्रोग्रामरने लिहिलेल्या ‘मॅनिक मायनर’ या खेळापाशी अडलो आहे. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी १९८३ मध्ये बग-बाइटने काढलेला हा खेळ पुढे स्मिथबरोबर ‘सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स’ या कंपनीकडे गेला, आणि तिने त्याची दुसरी आवृत्ती काढली. इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) दोन्ही आवृत्त्या मी ताडून पाहिल्या आहेत: पहिलीचा चीट कोड (खेळात सवलत मिळवण्याचा गुप्त संकेत) ६०३१७६९, तर दुसरीचा ‘टाइपरायटर’; शिवाय दुसरीतल्या ‘द वेअरहाउस’ या दालनात नव्या कंपनीचे त्रिकोणी बोधचिन्हच शत्रू म्हणून फिरते, आणि हा बदल मला फार बोलका वाटतो. कॅसेटवर छापलेले साल पुरेसे नाही, मला महिना हवा आहे. ब्रिटनमधील ग्रंथालयात जाणे शक्य नसल्याने स्कॅन केलेल्या अंकांचा संदर्भ चालेल. या दुसऱ्या आवृत्तीची पहिली जाहिरात तत्कालीन कोणत्या ब्रिटिश नियतकालिकाच्या कोणत्या अंकात आली होती?