बुटीबोरी–उमरेड कोळसा लाइनचं मॉडेल: १२ फुटी फळीवर मार्ग कसा बसवावा?

प्रश्न: एचओ स्केल (१:८७), फळी १२ फूट बाय २ फूट, घर नागपुरात. बुटीबोरीला मेन लाइनवरून फुटून उमरेडच्या खाणीकडे जाणारी मालवाहू लाइन करायची आहे. दोन्ही टोकं एकाच फळीवर मावतील का? उमरेडची छोटी लाइनही (नॅरोगेज) त्यातच दाखवावी का? डबे किती धरू?

उत्तर १: भाऊ, दोन्ही टोकं नाही मावणार. हिशोब बघा. बॉक्सएन (कोळशाची उघडी मालवाघीण) वाघिणीची लांबी १०.७१३ मीटर, म्हणजे मॉडेलवर १२.३ सेंमी. ५८ वाघिणींचा पूर्ण रेक (आख्खी जोडलेली गाडी) ७ मीटरच्या वर जातो, म्हणजे तुमच्या फळीच्या जवळपास दुप्पट. १० वाघिणी घ्या, त्यांचे १२३ सेंमी. डब्ल्यूडीजी-४ इंजिनाचे २४ आणि ब्रेकव्हॅन (शेवटचा गार्डचा डबा) धरून गाडी १ मीटर ६५ सेंमीच्या आसपास जाते.

फक्त उमरेडचं टोक करा. लूपची (दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेल्या बाजूच्या रुळाची) मोकळी लांबी १८० सेंमी हवी, आणि ती मोजायची फाउलिंग मार्कपासून फाउलिंग मार्कपर्यंत. फाउलिंग मार्क म्हणजे ज्याच्या पुढे उभी गाडी शेजारच्या रुळावरच्या गाडीला लागेल ती खूण. बहुतेकांची चूक इथेच होते. पॉइंटापासून (जिथे रूळ फुटतात तिथून) मोजतात, मग शेवटची वाघीण बाजूच्या रुळावरच्या इंजिनाला घासते. दोन्ही पॉइंटांसाठी प्रत्येकी ४० सेंमी सोडा. टोकाला ३० सेंमीचा बंद रूळ (पुढे कुठेच न जाणारा) ठेवा. तो नसेल तर इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या तोंडाला येऊच शकत नाही. झाले २९० सेंमी, फळी ३६६ची. बुटीबोरीसाठी वेगळी १८० सेंमीची सुटी पट्टी करा आणि फळीच्या कडेला जोडा. आख्खी गाडी तिच्यावर घ्यायची, पट्टी सपाटच ठेवून टोकाशी टोक बदलून फिरवायची, परत लावायची.

उत्तर २: छोटी लाइन जरूर दाखवा, पण ती या लाइनची फांदी नव्हे. इतवारी–कुही–उमरेड–भिवापूर–नागभीड हा ७६२ मिमी गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) स्वतंत्र मार्ग होता. १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात सुरू झाला आणि ब्रॉडगेजसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला. तेव्हा मॉडेल २०१९च्या आधीचं ठरवा. दोन्ही लाइन एकमेकींना जोडू नका, एका लाइनवरून दुसरीवर चढवलेला माल दाखवू नका.

वळणांचं गणित मला फार आवडतं. रेल्वेत वळण अंशांत मोजतात: १७५० भागिले त्रिज्या (मीटर). ब्रॉडगेजला कमाल १० अंशाचं वळण चालतं, त्रिज्या १७५ मीटर, मॉडेलवर २ मीटर. दोन फुटांच्या रुंदीत ते काटकोनात वळणारच नाही, म्हणून कोळसा लाइन जवळपास सरळ ठेवा. ७६२ मिमीला मात्र ४० अंश, म्हणजे ४४ मीटर त्रिज्या चालते. मॉडेलवर अर्धा मीटर. ९ मिमी गेजच्या रुळावर हे वळण काहीही न आखडता खऱ्या प्रमाणात बसतं! नकाशावरून खरी त्रिज्या काढायची तर जीवेच्या (वळणाच्या दोन बिंदूंमधल्या सरळ रेषेच्या) वर्गाला ‘८ गुणिले मधला फुगा’ याने भागा; फुगा म्हणजे जीवेच्या मध्यापासून वळणापर्यंतचं अंतर. जीवा २०० मीटर आणि फुगा १० आला तर त्रिज्या ५०० मीटर, म्हणजे साडेतीन अंश.

उत्तर ३: जमीन तांबडी करू नका. उमरेडकडे काळी कसदार माती आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भरावाच्या माथ्यावर मुरमाचा थर दाखवा, त्यावर खडी. लोडिंगच्या जागी खडी भुकटीने काळी पडलेली हवी. वाघिणीत आधी फोमचा उंचवटा, वर चाळलेला खरा कोळसा, मग निम्मं फेव्हिकॉल निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण विसरलात तर मिश्रण आत न मुरता वर थेंब थेंब बसतं. फोम तळाला चिकटवू नका. उमरेडकडे जाणाऱ्या वाघिणी रिकाम्या दिसायला हव्यात.