लहान मुलांना मास्क लावून काय त्रास झाला? आपापले अनुभव सांगा

जळगाव
कपाशीचा सीझन आला की आमच्याकडे जिनिंगमुळे हवेत नुसती रुई आन् धूळ. पोरगी सात वर्षांची, बालदमा आहे. शाळेत जातायेता मास्क लावावा असं मला वाटतं, सासूबाई म्हणतात लहान जीव गुदमरेल. कोरोनात सगळ्यांनीच मुलांना मास्क लावले, तर तेव्हा खरंच काय झालं ते लिहा, ऐकीव नको.

भुसावळ
ताई, गुदमरण्यापेक्षा ओलाव्याचा त्रास जास्त. मार्च २०२२ मध्ये, मास्कची सक्ती उठायच्या आधी, शाळा भर उन्हात सुटायची आन् मुलाचा मास्क घामाने चिंब. हनुवटीवर घामोळ्या, कानामागे दोरीने लाल रेघ. मग पातळ सुती मास्क शिवले, दप्तरात एक जास्तीचा टाकायचे, मधल्या सुट्टीत बदल म्हणायचे. घामोळ्या गेल्या.

धुळे तालुका, शिक्षिका
डिसेंबर २०२१ ला पहिलीचे वर्ग भरले. प, ब, म शिकवताना ओठच दिसत नाहीत, ना माझे ना मुलांचे, अर्धी मुलं प ला ब म्हणायची. हा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो आन् त्यावर कोणी बोलत नाही. मी वाचनाचा तास निंबाखाली लांब लांब बसवून मास्क काढून घ्यायचे. एक पोरगं मात्र उगाच "मॅडम, माले दम लागस" म्हणायचं, नाकाखाली सरकवला की खूश.

पाचोरा
माझ्या भाच्याला कमी ऐकू येतं, मशीन आहे पण तो ओठ बघूनच समजून घेतो. शाळेत सगळ्यांची तोंडं झाकलेली, पोरगा अगदी गप्प गप्प झाला हो. पारदर्शक मास्क आणला तर त्यावर वाफ धरायची. शेवटी बाई त्याच्यापुरत्या लांब उभ्या राहून मास्क काढून बोलायला लागल्या, तेव्हा तो परत वर्गात बोलू लागला.

अमळनेर, नर्स
सासूबाईंना सांगा, ऑक्सिजन आन् कार्बन डायऑक्साइडचे रेणू कापडाच्या विणीपेक्षा कितीतरी बारीक, ते आरपार जातात, विषाणू मात्र थुंकीच्या थेंबांबरोबर येतो म्हणून अडतो. पण वय बघायचंच. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आन् युनिसेफने सांगितलं की पाच वर्षं आन् त्याखालच्यांना सक्ती नको, आपल्या केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही जून २०२१ ला तेच सांगितलं, सहा ते अकराला मोठ्यांच्या देखरेखीखाली. दोन वर्षांखालच्याला तर नाहीच, त्याला स्वतः काढता येत नाही. पळताना, खेळताना, झोपेत नको. तुमच्या मुलीचं तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, पंप मास्कच्या भरवशावर बंद करू नका, आन् छातीत शिट्टी वाजायला लागली तर आधी मास्क काढा.

नंदुरबार
आमचं घर मिरची वाळत घालायच्या पथारीजवळ, वारा सुटला की ठसका. मुलगा साधा कापडी मास्क लावतो, खोकला बराच कमी झाला, पण मिरचीचं बारीक कूट बाहेरून कापडावर बसतं आन् तो तोच हात डोळ्याला लावतो, मग रडारड. त्यामुळे घरी आला की आधी हात धुवायचे, मास्क दोरीला धरूनच काढायचा, परत हात-तोंड धुवायचं आन् मास्क रोज वेगळ्या पाण्यात धुवायचा, बाकीच्या कपड्यांत अजिबात टाकायचा नाही.