मदत हवी आहे: एकोत १७ मिमी आलंय, मग परत एमआरआय कशाला?

कृष्णाकाठ
दादाचा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये 'आयव्हीएस १७ मिमी, एएसएच, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी? कार्डिॲक एमआरआय विथ कॉन्ट्रास्ट करावा' असं लिहिलंय. एकोत दिसलंय ना, मग परत एमआरआय कशाला? मला तर कट प्रॅक्टिस वाटतेय. सोमवारची तारीख दिलीय. जायचं का नाही एवढंच सांगा, लवकर.

मूग_गिळून
वय? बीपी? एको मुळात काढला कशासाठी? ग्रेडियंट (रक्त बाहेर पडायच्या वाटेतला दाबाचा फरक) किती लिहिलाय? घरात कुणाला हृदयाचं काही? एवढं कळल्याशिवाय इथे कुणीही काहीही सांगेल. (तसंही सांगतीलच.)

निवृत्त_पोस्टमन
माझा एको नॉर्मल होता, तरी सीटी अँजिओत दोन ब्लॉक सापडले. एमआरआयच्या भानगडीत पडू नका, सरळ सीटी अँजिओ करा. अनुभवाचे बोल आहेत.

जेली_आणि_प्रोब
काका, तुमचा आजार रक्तवाहिन्यांचा, हा स्नायूचा. ब्लॉक शोधून इथे काय मिळणार?
कृष्णाकाठ, मी ११ वर्षं एको काढतेय. दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा म्हणजे आयव्हीएस. एएसएच म्हणजे तोच बाकी भिंतींपेक्षा जास्त जाड. तो साधारण १० मिमीच्या आसपास असतो. बीपी किंवा झडपेसारखं दुसरं कारण नसताना कुठलीही भिंत १५ किंवा जास्त भरली की मोठ्या माणसात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, धरतात. मूग यांनी विचारलंय ते आधी सांगा.

कृष्णाकाठ
वय ३४. बीपी नाही. कंपनीच्या मेडिकलमध्ये ईसीजी बिघडलेला आला म्हणून एको. ग्रेडियंट २२ ॲट रेस्ट. घरात कुणाला काही नाही. बाबांना बीपी आहे, पण ते आजकाल कुणाला नसतं? पुण्यात ढोल पथकात आहे, एकदम धडधाकट.

गवती_चहा
स्नायू जाड म्हणजे हृदय बळकट, घाबरताय काय? अर्जुनसालीचा काढा दुधातून, सकाळी अनशापोटी. आमच्या सासऱ्यांना गुण आला.

मूग_गिळून
ताई, जाड म्हणजे बळकट नव्हे. भिंत आतल्या बाजूला वाढली की कप्पा लहान होतो, आणि ताठ भिंत नीट सैल सुटत नाही, म्हणजे रक्त भरायलाच जागा कमी. सासऱ्यांना हाच आजार होता का?

गवती_चहा
त्यांना गॅसेस होते. पण छातीत धडधडायचं.

आगाऊ_कार्टं
ढोल बडवून बडवून झालं असेल. खेळाडूंचं हृदय मोठं होतंच की. तीन महिने ढोल बंद, मग परत एको. एमआरआयचे पैसे वाचले.

जेली_आणि_प्रोब
प्रश्न अगदीच आगाऊ नाही. पण खेळाडूचं हृदय जाड होतं तेव्हा कप्पाही मोठा होतो, आणि १७ पर्यंत ते सहसा जात नाही. रिपोर्टमध्ये एलव्हीआयडी-डी (डावा कप्पा भरलेला असतानाची रुंदी, मिमीत) किती आहे बघा.
दुसरं, २२ हा ग्रेडियंट झोपवून मोजलेला. नाक-तोंड बंद करून जोर द्यायला लावला होता का? उभं करून? या आजारात मायट्रल झडपेचं पान पडद्याकडे ओढलं जातं आणि बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाट अडवतं. झोपून २२ असलेला माणूस जोर दिल्यावर ७० दाखवू शकतो. ३० च्या वर अडथळा म्हणतात, आणि त्रास होत असेल तर ५० पासून ऑपरेशनसारख्या पुढच्या उपायांचा विचार होतो. ही वाट एकोतल्या डॉप्लरनेच नीट मोजता येते. आधी एको परत, व्यवस्थित. एमआरआय नंतर.

चुंबकराव
आल्या एकोवाल्या! मॅडम, तुमचं यंत्र बरगड्यांच्या फटीतून बघतं. टोकाकडचा भाग कितीदा हुकतो? टोकालाच जाड होणारा प्रकार एकोत नॉर्मल येऊन एमआरआयमध्ये सापडलेला मी स्वतः पाहिलाय. आणि १७ तरी खरे कशावरून? छेद तिरका गेला किंवा उजव्या कप्प्यातली स्नायूची पट्टी मापात धरली गेली की २-३ मिमी सहज फुगतात.

जेली_आणि_प्रोब
हुकतो, मान्य. पण झडपेचं पान कसं हलतंय ते तुमच्या बोगद्यात माणूस उभा करून दाखवा बघू.

मूग_गिळून
भांडा, पण त्याचा प्रश्न एमआरआय कशाला हा आहे.

चुंबकराव
तेच सांगत होतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम, ते शिरेतून देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत चित्रं काढतात. चांगल्या स्नायूतून ते निघून जातं, चट्टा पडलेल्या जागी रेंगाळतं, तिथे पांढरं दिसतं. तो चट्टा ठोक्याची लय बिघडवू शकतो. डाव्या कप्प्याच्या स्नायूत १५ टक्के किंवा जास्त चट्टा भरला तर अचानक मृत्यूचा धोका वाढलेला धरतात, आणि डीफिब्रिलेटर (लय बिघडली की झटका देणारं यंत्र) बसवायचा का या चर्चेत तो आकडा घेतात. एकोत हे दिसत नाही. म्हणून कशाला, तर यासाठी. क्रिएटिनीनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट न्या. आणि दादाला श्वास सोडून धरायची सवय करायला सांगा. तासभर तेच चालतं, आणि श्वास सुटला की चित्र हललं.

कृष्णाकाठ
एलव्हीआयडी-डी ४१ आहे. जोर वगैरे काही द्यायला लावलं नव्हतं. आणि हो, मागच्या महिन्यात सरावात दादा चक्कर येऊन पडला होता, पण त्या दिवशी जेवला नव्हता. ते धरायचं का?

जेली_आणि_प्रोब
अहो!! हे सगळ्यात आधी सांगायचं! कसरत करताना शुद्ध जाणं या आजारात फार महत्त्वाचं. ४१ म्हणजे कप्पा मोठा नाही, ढोलाचा मुद्दा मिटला. डॉक्टरांना आजच फोन करा. तपासण्या होईपर्यंत ढोल पूर्ण बंद. अंगातलं पाणी कमी झालं की अडथळा वाढतो, आणि उन्हात कमरेला ढोल म्हणजे नेमकं तेच.

मूग_गिळून
परत विचारतो. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? हार्ट अटॅक असं नाही म्हणत. नुसतं अचानक.

कृष्णाकाठ
धाकटे काका. ३८ व्या वर्षी. रात्री उसाला पाणी धरायला गेले आणि बांधावरच पडले. पान लागलं (साप चावला) असं म्हणतात. खूण काही सापडली नव्हती म्हणे.

नळावरची_गर्दी
अवांतर: एकोच्या आधीच्या काळात हा आजार अनेकदा शवविच्छेदनातच सापडायचा. लंडनच्या डोनाल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये तरुण माणसांच्या अशा ८ हृदयांचं वर्णन केलं, त्यातले बहुतेक अचानक गेलेले. आणि आपल्याकडे या आजाराशी जोडलेल्या मायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरं गळलेली माणसं सुमारे ४ टक्के आहेत, असं २००९ च्या शोधनिबंधात होतं. गळाली म्हणजे आजार होतोच असं नाही.

मूग_गिळून
अवांतर नाही हे. काकांचं खरंच तेच असेल, तर दोष वडिलांमधून आला असू शकतो. दादाचं निदान पक्कं झालं की आईवडील आणि सख्खी भावंडं, सगळ्यांचा ईसीजी आणि एको करतात. म्हणजे तुमचाही. वडील बीपीला कुठली गोळी घेतात?

कृष्णाकाठ
ॲम्लोडिपिन. का?

जेली_आणि_प्रोब
ती रक्तवाहिन्या सैल करते. आतली वाट अडलेली असेल तर त्याने अडथळा वाढू शकतो. मनाने बंद करू नका, फक्त एको काढणाऱ्याला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निवृत्त_पोस्टमन
मेडिक्लेममध्ये एमआरआय बसतो का? माझा गुडघ्याचा नाकारला होता.

कृष्णाकाठ
(१२ दिवसांनी) एमआरआय झाला. पडदा १६, टोक ठीक, चट्टा ६ टक्के. एको परत केला, जोर दिल्यावर ग्रेडियंट ५८. दोघंही बरोबर निघालात, आता भांडू नका. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी गोळी) सुरू केलाय, होल्टर (सलग ईसीजी टिपणारं यंत्र) लावलाय, डीफिब्रिलेटरचं चक्कर आणि काकांचा विचार करून ठरवू म्हणाले. माझा ईसीजी-एको नॉर्मल, तरी काही वर्षांनी परत या म्हणाले.
बाबांचा पडदा १४ आलाय. डॉक्टर म्हणाले, आजारी माणसाच्या सख्ख्या नात्यात १३ पासूनच संशय धरतात, पण यांना वीस वर्षांचं बीपी आहे, त्यामुळे एकोवरून नक्की सांगता येत नाही. एमआरआय करा. बाबा म्हणतात, मशीनच बिघडलंय, भावाला पानच लागलं होतं. कसं तयार करू?

गवती_चहा
काढा चालू केला का?