हायवेवर सायकल चालवताना... आपापले अनुभव लिहा

कोरांटी

काल लेकाने जेवता जेवता जाहीर केलं, आषाढीच्या आधी मित्रांबरोबर सायकलने पंढरपूरला जाणार. पुण्याहून, सोलापूर रोडने. माझा घास हातातच राहिला. नवरा म्हणाला, जाऊ दे की, तू नाही का हायवेवरून शाळेत जायचीस!

जायचे ना. शिरवळच्या अलीकडे आमचं गाव. पुणे-बंगलोर रोड तेव्हा चौपदरी नव्हता, जायला यायला एकच डांबरी पट्टा. आम्ही मुली एकामागे एक. समोरून आणि मागून एकदम ट्रक आले की डांबर सोडून साइडपट्टीवर उतरायचं, हा बाबांचा नियम. उतरणं सोपं हो, चढणं अवघड. डांबराचे थरावर थर पडत गेलेले आणि साइडपट्टीचा मुरूम होता तिथेच, त्यामुळे कडेला चार बोटांची पायरी झालेली. तिला चाक तिरकं लावलं की ते कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि आपण आडवे. तेही आत, गाड्यांच्या बाजूला! माझी मैत्रीण अशीच पडली आणि मागून एसटी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, खाली उतरला, तिला उठवलं, पोळीभाजीचा डबा गोळा करून दिला आणि मग आम्हा सगळ्यांना यथेच्छ झापलं. म्हणे, वर चढायचं तर थांबायचं, उतरायचं, सायकल उचलून डांबरावर ठेवायची, शाळा कुठे पळून जात नाही. अजून आठवतात त्याच्या मिशा.

पोराला अडवायचं नाहीये मला. पण जे खरंच हायवेवर चालवतात त्यांनी लिहा, काय बघायचं, काय टाळायचं. हेल्मेट घाल एवढंच नका लिहू, ते घेतलंय.

डबलसीट

आरसा. हँडलच्या उजव्या टोकाला बसतो तो छोटा गोल. मागे बघायला मान वळवली की हातही नकळत वळतो आणि सायकल उजवीकडे जाते, नेमकी गाड्यांच्या लेनमध्ये. आरशात नुसती नजर टाकायची.

बाकी शिरवळ वाचून बरं वाटलं. आमचं आजोळ खंडाळा. पारगाव-खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे!

कोरांटी

@डबलसीट अय्या, म्हणजे शेजारीच की. तिकडचा घेवडा कुठे मिळत नाही हो इकडे.

चेनकव्हर

ऑफिसच्या बसमधून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

सगळ्यांना भीती मागून येणाऱ्या ट्रकची. माझ्या मते लांब पल्ल्याचा ट्रकवाला त्यातल्या त्यात भरवशाचा. सरळ येतो, हॉर्न देतो, जातो. मला धडकी भरते ती उभ्या ट्रकची. साइडपट्टीवर उभा, मागे दिवा नाही, झाडाची एक फांदी खोचलेली. त्याला वळसा घालायला आपल्याला लेनमध्ये शिरावंच लागतं. म्हणून लांबून दिसला की तिथूनच आरसा बघत हळूहळू उजवीकडे सरकायचं, ऐनवेळी कट मारायचा नाही. त्यातून ट्रक बंद पडलेला असेल तर चाकाखाली दगड लावलेले असतात. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड राहतात. अंधारात ते दगड दिसत नाहीत!!

ट्रक अगदी जवळून गेला तर आधी हवेचा धक्का बसतो आणि लगेच आत ओढल्यासारखं होतं. हँडल आवळून धरू नका. कोपर सैल, नजर पुढे.

आणि पंक्चर. हायवेच्या कडेला फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात, त्यातली केसाएवढी बारीक तार आपल्या टायरमध्ये घुसते. ट्यूब बदलली तरी तार टायरमध्येच, पुढच्या पाच किलोमीटरवर परत फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून (सावकाश, टोचतं) ती शोधायची आणि भुवयांच्या चिमट्याने उपटायची. बायकोचा चिमटा माझ्या सॅडलबॅगमध्येच असतो, घरात त्यावरून रामायण झालंय.

लायटींबद्दल: बीआरएमला, म्हणजे ती ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, २०० किमी साडेतेरा तासांत वगैरे, रिफ्लेक्टिव्ह जाकीट आणि पुढचा-मागचा दिवा नसेल तर सोडतच नाहीत. मी भाजी आणायलाही मागचा लाल दिवा लावतो. दिवसासुद्धा.

भीमाकाठ

सोलापूर रोडने जाणार म्हणजे भिगवण लागणार. चिलापी फ्राय खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. तांबडा रस्सा आणि ज्वारीची भाकरी.

सौ_सांजवात

@भीमाकाठ पोरगं पंढरपूरला निघालंय आणि तुम्ही त्याला मासे चारताय?

भीमाकाठ

येताना खाईल हो.

गुऱ्हाळ

आमच्याकडं वाळव्यात दिवाळीनंतर सायकल घिऊन मोठ्या रस्त्याला जायचं म्हंजे उसाचे ट्रॅक्टर. एकाला दोन ट्रेलर, मागं लाईट न्हाई, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. वर टेप फुल्ल सोडलेला, मागं कोण बोंबलतंय त्याला काय ऐकू येत न्हाई. ऊस हातभर बाहेर आलेला असतोय. तो चालतोय सायकलीच्याच स्पीडनं, त्यामुळं पुढं काढायचा मोह हुतो. काढायचा न्हाई. वळणावर म्होरला ट्रेलर निघून जातो आणि मागचा आत कापतो, त्याच्यात गावला की संपलं. आणि पोरं त्याच्या मागं एक हात धरून सायकल ओढवून घेत्यात, वर ऊस उपसून खात्यात. लय मारलंय त्यापायी मास्तरांनी.

चेनकव्हर

@गुऱ्हाळ आषाढीत ऊस कुठला पण? 😀

गुऱ्हाळ

ताईंनी अनुभव मागितलाय, पंचांग न्हाई 😀

ठेचा_अमरावती

अन् राँग साइडवाले? त्यायचं कोनी लिहिलंच नाही! ढाबा समोर दिसते, यू-टर्न दूर आहे, मंग गडी साइडपट्टीनंच उलटा येते. रात्री त्याचा अप्पर डोळ्यात. त्याले चुकवाले म्हनून लेनमधी शिराचं नाही भाऊ, मागचा कारवाला अंदाज थोडीच घेते. मी डाव्या कडेले थांबतो, पाय टेकवतो, अन् त्याले काय कराचं ते करू देतो. शिव्या मंग देतो, तो गेल्यावर.

आमच्याकडे उन्हाळ्यात तर दुपारी रस्त्यावर कुत्रं नसते. सायकलवाला म्हनजे येडाच समजतात. दोन बाटल्या पानी अन् खिशात कांदा.

निवांत

माझे काका सायकलवर दूध घालायचे. पहाटेचं धुकं, मागून कार. बरीच वर्षं झाली. किटल्या चकचकीत होत्या पण धुक्यात काय दिसणार. चुलतभाऊ आता गावात कुणाची नवी सायकल दिसली की लाल चिकटपट्टी घेऊन जातो. मडगार्डला, पेडलला, कॅरियरला लावतो. विचारत बसत नाही. पेडलची पट्टी वरखाली हलते म्हणून लांबूनच कळतं की सायकल आहे, असं त्याचं म्हणणं.

कोरांटी

@निवांत 🙏 काय बोलू... पेडलला आज संध्याकाळीच लावते.

सौ_सांजवात

@निवांत वाईट वाटलं वाचून. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

उत्रेख्तवहिनी

इथे नेदरलँड्समध्ये मोटरवेवर सायकल नेताच येत नाही, गावांना जोडणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांना शेजारी वेगळा सायकलचा पट्टा असतो. त्यामुळे मी या धाग्यावर बोलू नये खरं तर. पण एक सवय सांगते. गाडीतून उतरताना दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. भारतात आले की दीर हसतात मला, रिक्षातून उतरतानाही मी तशीच वळते म्हणून. रिक्षाला दार तरी आहे का!

डबलसीट

@उत्रेख्तवहिनी तुमचं बरं आहे. आमच्याकडे सायकल ट्रॅक आहेत, त्यावर पाणीपुरीची गाडी, विजेचा डीपी बॉक्स आणि पार्क केलेल्या बाइका. सायकल तेवढी रस्त्यावर.

बंडोपंत_पनवेल

एक्स्प्रेसवेने कुणी सायकलवर पुणे केलंय का? साइडपट्टी मस्त रुंद दिसते.

चेनकव्हर

@बंडोपंत_पनवेल नाही नाही नाही. सायकल, मोटरसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर सगळ्यांना बंदी आहे तिथे. जुन्या हायवेने जा, खोपोलीतून शिंग्रोबाच्या घाटाने वर. देवळापर्यंत दम निघतो, पण गाड्याही तिथे दमूनच चढतात, त्यामुळे वेग कमी. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, मारून सोडायचे. धरून ठेवले तर रिम तापते.

बंडोपंत_पनवेल

अरे वा, शिंग्रोबा. लहानपणी आजोबा एसटीच्या खिडकीतून नाणं टाकायला लावायचे. चालवत जाईन का माहीत नाही, विचारून ठेवलं.

चेनकव्हर

@कोरांटी एक राहिलंच. सोलापूर रोडला गावोगावी फ्लायओव्हर आहेत. पुलावर साइडपट्टी संपते आणि लगेच कठडा, सरकायला जागाच नाही. वर चढूच नये. सर्व्हिस रोडने खालून जायचं. दोन मिनिटं जास्त लागतील, स्पीडब्रेकर आणि म्हशी लागतील, चालतं. फक्त सर्व्हिस रोड परत हायवेला मिळतो तिथे थांबून, मागे नीट बघून मग आत. आणि पोरांना सांगा, शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही, एका रांगेत. पुढच्याने खड्डा दिसला की हाताने खाली दाखवायचा, मागच्याला तो दिसत नसतो.

पाऊस असेल तर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालवू नका, ओला झाला की घसरतो. पट्ट्याच्या डावीकडे ठेवा. आणि पहाटे निघा, पण उजाडल्यावर.

कोरांटी

@चेनकव्हर हे सगळं त्याच्या ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, 'आई, ओके'. एवढंच. आता पावसाळी जाकीट बघतेय, त्याला काळंच हवंय म्हणे, भगवं नको, पोपटी तर नकोच.

सौ_सांजवात

काळं घेऊ नका हो! माझ्या मुलाला मी पोपटी घेतलं, तो घालतच नव्हता. मग मीच घालून वॉकला जायला लागले. आता सोसायटीत मला सिग्नल म्हणतात.

ठेचा_अमरावती

😂😂 सिग्नल काकू

गुऱ्हाळ

जाकीट काळं आसू दे, वर पोपटी बनियन घालायचा. रस्त्याच्या कामावरचे घालत्यात तसला. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतोय.

कोरांटी

@गुऱ्हाळ हे पटेल त्याला. मित्रांनाही एकेक देते, म्हणजे एकट्याला लाज वाटायला नको.

बंडोपंत_पनवेल

एवढं अंतर बसून बूड दुखत नाही का? त्यावर कुणी काहीच लिहिलेलं नाही.

डबलसीट

@बंडोपंत_पनवेल त्याला वेगळा धागा लागेल. तुम्हीच काढा, मी येतोच मलम घेऊन.