मदत हवी आहे: एमए सोशॉलॉजी करून पुढं काय?

नमस्कार मंडळी, बहिणीचं बीए झालंय आणि तिला सोलापूर विद्यापीठातूनच एमए सोशॉलॉजी करायचंय, घरचे म्हणतात बीएड कर नोकरी तरी लागंल. तिला विडी कामगार बायकांवर रिसर्च करायचाय, आमच्या भागात घरोघरी विड्या वळतात, लहानपणापासून बघितलंय तिनं, त्यामुळं विषय मनापासूनचा आहे. प्राध्यापक व्हायला नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते, यूपीएससीला सोशॉलॉजी ५०० मार्कांचा ऑप्शनल विषय म्हणून चालतो एवढं कळलंय. पण एनजीओ, सर्वे, सीएसआर (कंपन्यांची सामाजिक कामं) अशा कामांत एमएवाल्यांना घेतात का, का तिथं एमएसडब्ल्यूच (समाजकार्याची मास्टर्स डिग्री) मागतात? तुळजापूरचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जवळ आहे, ते बघावं का? कुणी केलं असेल तर सुरुवातीचा पगारपण खरा सांगा प्लीज, घरी तेच विचारतात.