इंग्रजी शिकवता शिकवता आपण काय शिकलो? सीमाभागातील शिक्षकांचे अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शाळांत येणारे मूल घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते आणि त्यांच्या जोडीला इंग्रजीला सामोरे जाते. कर्नाटकात २००७-०८ पासून पहिलीतच इंग्रजी विषय सुरू झाला, तेव्हा इंग्रजी अध्यापनाचे वेगळे शिक्षण न घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या हाती ते पुस्तक आले. शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यक्त केली आहे. आपल्या अशा तासांपैकी वर्गापर्यंत नेमके काय पोहोचले, ते प्रत्येकाने मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. प्रशिक्षणांची यादी नको. एखादा बदललेला तास सांगितलात तरी पुरे.

प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

माझे डी.एड. मराठी माध्यमातून झाले. पहिली काही वर्षे मी इंग्रजी पुस्तकातली एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा आणि पुढच्या ओळीकडे वळायचे, असेच शिकवत होते. आमच्या समूह साधन केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांसाठी असलेल्या केंद्रातील, बैठकीत एका बाईंनी सुचवले की, आपलाच एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावा. जुलै महिना होता. घरी ऐकायला बसले तेव्हा कौलांवरचा पाऊस ऐकू आला आणि माझा आवाज ऐकू आला. ४० मिनिटांत मुलांचा आवाज तीनदाच आला, तोही 'येस टीचर' एवढाच. त्या रात्री मला फार वाईट वाटले, कारण मी मन लावून शिकवत होते आणि मुले मात्र इंग्रजी बोलतच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचे, असे मी ठरवले. घरच्या जनावरांविषयी विचारले, तेव्हा बराच वेळ शांतता होती, मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "माय बफेलो ब्लॅक." पूर्वी मी लगेच 'इज राहिला' म्हणून त्याला थांबवले असते. या वेळी म्हणाले, "ओह, युवर बफेलो इज ब्लॅक! अँड द काफ?" तो म्हणाला, "काफ इज ब्राउन." चूक न दाखवता बरोबर वाक्य सहज त्याच्या कानावर घालण्याची ही रीत प्रशिक्षणात आम्हाला सांगितली होती, आणि मी ती वहीत उतरवूनही घेतली होती. तिचा अर्थ मात्र मला त्या म्हशीच्या रेडकामुळे कळला.

प्राथमिक शिक्षक, निपाणी परिसर

माझा एक अनुभव कडू आहे. इंग्रजीच्या एका प्रशिक्षणात सगळे स्पष्टीकरण कन्नडमध्ये झाले आणि आम्हा मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या पदरी फार थोडे पडले. आमचे कन्नड कच्चे होते हे मान्य आहे, तरीही इंग्रजीच्या प्रशिक्षणात इंग्रजीच अधिक कानावर पडायला हवी होती, असे मला आजही वाटते. शेजारी कन्नड शाळेतील एक शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी माझ्या वहीत 'मेजिन मेले' असे लिहिले, मी त्याखाली 'टेबलावर' लिहिले आणि आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आले की, मराठीतले 'वर' आणि कन्नडमधले 'मेले' दोन्ही नामाच्या मागून येतात, तर इंग्रजीतले 'ऑन' आधी येते.

परतल्यावर मी फळ्यावर तीन रकाने आखले. मराठीत 'तो जातो, ती जाते', कन्नडमध्ये 'होगुत्ताने, होगुत्ताळे'. कर्ता बदलला की दोन्ही भाषांत क्रियापदाचे शेपूट बदलते. इंग्रजीत मात्र 'ही' असो वा 'शी', 'गोज'च राहते, आणि 'आय', 'यू', 'वी', 'दे' यांच्यापुढे नुसते 'गो'. इतकी वर्षे 'शी गो' लिहिणाऱ्या मुलींनी हा नियम स्वतः शोधून मला सांगितला. चुका एका दिवसात थांबल्या नाहीत, पण चूक झाली की त्या आपणहून फळ्याकडे पाहू लागल्या.

माध्यमिक शिक्षिका, बेळगाव शहर

बेंगळुरूच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेत मी ३० दिवसांचे प्रशिक्षण घेतले. दक्षिणेकडील राज्यांतील इंग्रजी शिक्षकांसाठी ही संस्था १९६३ पासून कार्यरत आहे. तिथे सर्वाधिक उपयोग झाला तो उच्चारांच्या सरावाचा. मराठीत 'व' एकच आहे. 'व्हॅन' लिहिताना आपण त्याला 'ह' जोडतो आणि बोलतानाही तो 'ह' कानावर येतो. इंग्रजीतल्या 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर 'डब्ल्यू'साठी दातांचा स्पर्श न होता ओठ गोल होतात. हातात आरसा धरून मी 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' म्हणत होते आणि दोन्ही वेळा माझे ओठ अगदी सारखेच हलत होते. पंधरा वर्षे शिकवल्यानंतर मला हे प्रथमच दिसले. आता माझ्या वर्गातही दोन छोटे आरसे असतात.

परत आल्यावर मात्र इंग्रजी बोलायला कोणी नव्हते. शाळेत आम्ही एकमेकांशी मराठीतच बोलतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून आम्ही तिघी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतो आणि त्या आठवड्यात फसलेल्या एका तासाविषयी इंग्रजीतूनच बोलतो.

निवृत्त शिक्षक, येळ्ळूर

आमच्या काळी इंग्रजीच्या तासाला मातृभाषेचा एक शब्दही उच्चारू नये, असे बजावले जाई आणि मी ते काटेकोरपणे पाळले. निपाणीच्या सरांचा फळा वाचून आज वाटले की, माझ्या हट्टामुळे कित्येक मुले कारण नसताना अबोल राहिली. सगळा तास मराठीतून घेणे मलाही मान्य नाही, परंतु तुलनेसाठी घेतलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

नवनियुक्त शिक्षिका, चिकोडी तालुका

माझी नेमणूक नवी आहे. मला मार्गदर्शनापेक्षा माझा तास कोणी तरी पाहावा, असे वाटते. पण तास पाहायला कोणी आले की ती तपासणीच वाटते आणि माझा आवाज कापतो.

खानापूरच्या शिक्षिका

बाई, माझेही तसेच होत असे. आम्ही दोघींनी एक ठरवले: पाहणारीने मागे बसून शिक्षिकेकडे नव्हे, तर फक्त एका मुलाकडे पाहायचे आणि तासभरात तो किती वेळा बोलला, तेवढेच लिहून घ्यायचे. मग भीती बरीच कमी होते. येत्या महिन्यात माझे चिकोडीला येणे आहे. तुमच्या मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर मी येते, आणि कोणत्या मुलाकडे पाहायचे ते तुम्हीच मला सांगा.